सावंतवाडीची लाकडी भातुकली : सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत कोकणातून परतताना सावंतवाडीच्या चितारआळीतल्या एका दुकानातून आम्ही लाकडी भातुकलीचा संच घेतला. साडेआठशे रुपयांत चूल, जाते, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणे, रवी, परात, झाकणांची पातेली आणि दोन पेले मिळाले. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती.

कातकाम चांगले आहे. कडा गुळगुळीत आहेत, झाकणे नेमकी बसतात आणि लाटणे पोळपाटावर खरोखर फिरते. ते फिरत नसते तर खोटी पोळी लाटण्यातली निम्मी गंमत गेली असती.

माझी शंका वेगळीच होती. आमच्या घरी जाते नाही, चूल नाही, ताकसुद्धा मिक्सरमध्ये होते. मग कधीच न पाहिलेल्या वस्तूंशी ही खेळणार काय? तिने तो प्रश्न दोन दिवसांत निकालात काढला. जात्याचा मिक्सर झाला. त्यावर तळहात दाबून ती तोंडाने घर्र आवाज काढते आणि मध्येच कोणी बोलले तर "मिक्सर चालू आहे, ऐकू येत नाही" असे बजावते. वरवंटा हा तिचा मोबाईल. तो कान आणि खांदा यांच्यात धरून, हाताने रवी फिरवत "हो सर, पाच मिनिटांत पाठवते" असे म्हणताना तिला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला हसू आले आणि मागाहून लाजही वाटली. कारण तेवढा वेळ बाहुली वाढलेल्या ताटासमोर ताटकळत बसली होती आणि तिला दोनदा "थांब गं जरा" ऐकावे लागले होते. चहा मात्र बाबाच करतो, असा या स्वयंपाकघराचा नियम आहे, त्यामुळे शेजारच्या मुलाला बाबा होऊनच पेले हाताळता येतात.

पाहिलेली कृती नंतर, ती करणारे माणूस समोर नसताना, उतरवण्याची क्षमता मुलांत साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दिसू लागते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडले होते. या वयात तर आमचे रात्रीचे संवाद दुसऱ्या दिवशी दुपारी शब्दशः ऐकू येतात. याआधी आणलेल्या बॅटरीवरच्या प्लास्टिक शेगडीचे बटण दाबले की शिजल्याचा आवाज येई, आणि खेळ तेवढ्यावरच संपे. या भांड्यांना स्वतःचा आवाज नाही, हाच त्यांचा मोठा गुण आहे.

तक्रारी दोन. पेले रात्रभर पाण्यात राहिले तेव्हा लाल रंग उतरला, म्हणून आता खोटाच चहा पितो. दुसरी गंभीर आहे : जात्याचा खुंटा तिसऱ्याच आठवड्यात निखळला. तो सुपारीहूनही लहान आहे, त्यामुळे तीन वर्षांखालचे मूल घरात असेल तर हा संच घेऊ नये. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे आणि नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेला त्यातून सूट आहे, हे मान्य. तरी वयाची सूचना देणारी एक चिठ्ठी खोक्यात घालायला हरकत नव्हती. दुकानात फोन केला, तर "चिकटवून घ्या" एवढेच उत्तर मिळाले.

मुलीनेही त्याच दिवशी वरवंटा कानाला लावून मिक्सरवाल्याला बोलावले होते. "कधी येणार? काल पण हेच म्हणालात," असे ती त्याला माझ्याच आवाजात अजूनही अधूनमधून विचारते.