कचऱ्याच्या ढिगावरचं रान: महाराष्ट्र निसर्ग उद्यान, धारावी

सोलापुरात विजापूर रोडला माझी छोटी नर्सरी आहे. त्यामुळं कुठल्याही बागेत गेलो की फुलांच्या आधी बुंध्याकडं लक्ष जातं. गणपती झाल्यावर भाच्याकडं मुंबईला गेलो होतो. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पहाटे दादरला उतरलो, आंघोळ उरकली आणि सायन-बांद्रा लिंक रोडवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठलं. भाचा म्हणत होता, "मामा, तिथं झाडांशिवाय काही नाही ओ." मला तेच बघायचं होतं.

मिठी नदीच्या काठाला लागून ३७ एकर जागा. एकेकाळी इथं मुंबईचा कचरा पडायचा. १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अलींनी पहिलं रोप लावलं, १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुलं झालं. आज आत शिरलं की पन्नास पावलांत रस्त्याचा आवाज बसतो.

कचऱ्यावर झाड जगवणं किती अवघड, ते रोपवाल्याला विचारा. कचरा सडतो तसा खालून गॅस येतो, जमीन खचते, मूळ खाली जायला बघतं आणि प्लास्टिकला अडतं. एका वाटेच्या कडेला पावसानं माती धुपली होती. वाकून बघितलं, तर करंजाच्या बोटभर जाड मुळाच्या बेचक्यात निळ्या पिशवीची चिंधी अडकलेली. मूळ तिला वळसा घालून पुढं गेलं होतं. मी तिथं बराच वेळ उकिडवा बसलो. आमच्याकडं काळ्या मातीत, निवडून आणलेली रोपं मे महिन्यात जळतात तेव्हा आपण उन्हाला बोल लावतो.

दुसरी गोष्ट पाचोळ्याची. झाडांखाली तो पडू दिलाय, कुजू दिलाय. वरचा थर हातानं बाजूला केला, तर खाली काळीभोर, भुसभुशीत, ओली माती. वासावरून सांगतो, अशी माती विकत मिळत नाही. पावसाचं पाणी साठवायला तळंही केलंय. सिद्धरामेश्वरांच्या तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला पाणी अडवलेलं दिसलं की बरं वाटतं.

झोके, घसरगुंडी, खाऊच्या गाड्या हव्या असतील तर दुसरीकडं जा. फुलपाखरं बघायला पावसाळा सरताना, सकाळी जा. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, डास आहेत. पोरांना न्याल तर घाई करू नका, दोन तास हाताशी ठेवा.

परत आल्यापासून नर्सरीतला पाचोळा पेटवणं बंद केलंय. कुंपणामागच्या पडीक जागेत, जिथं शेजारचे राडारोडा टाकतात, तिथं तीन खड्डे काढले, पाचोळा भरला. एकात उंबर लावलाय. काल त्याला तांबूस पालवी फुटली.