हेडमास्तर: फाईलवाले की वर्गात बसणारे?

एका शाळेचे हेडमास्तर यू-डायस, सरल या सरकारी पोर्टलवरची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी सगळं वेळेवर भरतात. तपासणीला साहेब आले की फाईल हजर. अनुदान, बिलं कधी अडत नाहीत, आणि ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरे हेडमास्तर परिपाठ संपला की चौथीच्या मागच्या बाकावर. गुणाकारात हातचा कोण विसरतंय, त्यांना तोंडपाठ. दिवाळीनंतर कराड-वाळव्याच्या उसाच्या फडांवर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरल्या की हे त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाऊन पोरं शाळेत आणतात. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ चा शिक्षण हक्क कायदाच तसं सांगतो. (तरी अडवणारे अडवतातच म्हणा!)

आमचं पोर मी दुसऱ्यांकडेच घालेन. पोर्टल एखादा तंत्रस्नेही गुरुजीही भरतो.