पानगळीचे फोटो: मेळघाट की ताडोबा?

विदर्भातल्या जंगलाचा रंग ऑक्टोबरात शोधू नका. तेव्हा गवत पिवळं पडतं, सागाचा पाला मात्र हिरवाच असतो. खरे दिवस फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचे. साग उघडा पडलेला, पळस आणि काटेसावर फुलावर, कुसुमाची कोवळी पालवी लालभडक. म्हणीतली तीन पानंही तेव्हा पळसावर नसतात.

रंग हवा असेल तर मेळघाट, यात आम्हाला शंका नाही. गाविलगडच्या रांगेत चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे. इथल्या पॉइंटांवरून एकामागे एक डोंगर दिसतात आणि तिरप्या उन्हात कढईची, म्हणजे भुत्याची, पांढरी खोडं उठून दिसतात. पॉइंटांवर पायी फिरता येतं, त्यामुळे ट्रायपॉड लावता येतो. ७०-२०० मिमी लेन्स, एफ ८ अ‍ॅपर्चर, आयएसओ १०० पुरे. कुसुम सूर्याकडे तोंड करून घ्या, पान आतून पेटल्यासारखं दिसतं.

चुका बहुतेक रंग टिपतानाच होतात. ऑटो व्हाइट बॅलन्स केशरी रंग थंड करून टाकतो. तो ५२०० केल्विनवर कायम ठेवा आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. पळसाच्या फुलात लाल चॅनल सर्वांत आधी जळतो, म्हणजे लाल रंगातला तपशील जातो. साध्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, ते कळत नाही, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम बघा आणि एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली आणा. पोलरायझर फिल्टर पानांवरची चकाकी काढतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो. प्राणी दिसला की आधी फिल्टर उतरवा.

प्राण्यांच्या बाबतीत मेळघाट कंजूष आहे. उतार, नाले, दाट रान; गवा दिसला तरी समोरच्या डोंगरावर. मग त्याला ओढून जवळ आणायच्या फंदात पडू नका, पानगळीच्या उतारावर तो लहानच राहू द्या.

वाघ हवा असेल तर ताडोबा. जमीन बरीचशी सपाट, पाणवठे ठरलेले. पण मागे बांबू असतो, फिकट आणि गवती रंगाचा, आणि ऑटोफोकस त्याच्या काड्यांतच अडकतो. फोकसचा एकच बिंदू (सिंगल पॉइंट) निवडून वाघाच्या डोळ्यावर धरा. जिप्सीत ट्रायपॉडला जागा नाही. दोन किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवली की १००-४०० लेन्स स्थिर बसते. इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर पिशवीही थरथरते. पहाटे शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू शक्यतो ठेवू नका, आयएसओ ३२०० झाला तरी चालेल. दहानंतर जमीन तापते, हवा लहरते आणि लांबचा फोटो मऊ येतो. त्यावर शटर वाढवून उपाय नाही. धूळ इतकी, की लेन्स गाडीत बदलूच नये.

ताडोब्यात पळसाचा हट्ट असेल तर गेटबाहेर शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, बघा, सफारीच्या वेळा सोडून. आणि कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, मंगळवारी बंद असतं, तो दिवस धुऱ्यांनाच द्या.