व्हिटॅमिन सी लावायचं ठरलंय, पण अ‍ॅसिड घ्यावं की फॉस्फेट?

चेहऱ्याला किंवा टाळूला अँटिऑक्सिडंट लावायचं म्हटलं की गाडी बहुधा व्हिटॅमिन सीवर येऊन थांबते. खरा घोळ त्यापुढे होतो. शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं सीरम घ्यायचं, की लेबलावर मॅग्नेशियम किंवा सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट असं नाव असलेलं मवाळ रूप? मी दीड वर्ष अ‍ॅसिड लावलं आणि गेली दोन वर्षं फॉस्फेट लावतोय.

कागदावर अ‍ॅसिडच सरस आहे, हे आधीच मान्य करतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००१ मध्ये डुकराच्या कातडीवर ते तपासलं. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ३.५ च्या खाली असेल तरच ते आत शिरतं, २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून उपयोग नाही, आणि त्वचेत साठा झाला की तो निम्मा व्हायला साधारण ४ दिवस लागतात. मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटने मात्र त्याच चाचणीत त्वचेतलं सी वाढलं नाही. पुढे २००५ मध्ये याच गटाने १५ टक्के सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्यात वनस्पतींत मिळणारं अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड घातलं, तेव्हा उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं. महागड्या सीरमांत आजही हाच मेळ दिसतो. माझाही अनुभव त्याला धरूनच होता. पहिल्या हिवाळ्यात चेहऱ्यावर असा तजेला आला की न विचारता माणसं बोलून दाखवत होती.

मग एप्रिल आला.

आमचं घर नाशिकच्या सिडकोत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. दुपारनंतर स्लॅब तापतो तो रात्री दहापर्यंत निवत नाही. पाण्यासारखं स्वच्छ असलेलं सीरम पंधरा दिवसांत लिंबू सरबताच्या रंगावर आलं आणि महिन्याभरात कोऱ्या चहासारखं झालं. बाटली अर्धीही संपली नव्हती. फ्रीजच्या दारात ठेवून पाहिली, त्याने थोडे दिवस वाढले, पण झाकण उघडलं की हवा आत जाणारच. मला खुपलं ते पैशांपेक्षा वेगळं होतं. रोज सकाळी बाटली खिडकीशी धरून बघायची आणि स्वतःला विचारायचं, यात अजून जीव आहे का? फिकट पिवळ्यात किती सी उरलं असेल, हे घरी कळायला काही मार्गच नसतो. ज्या औषधावर रोज शंका घ्यावी लागते, त्यात सातत्य राहत नाही. आणि या कामात सातत्यच सगळं काही आहे.

त्यात आणखी एक भर पडली. केस विरळ होत होते म्हणून तेच सीरम मी कपाळाच्या रेषेवरही चोळत असे. कानशिलावरच्या पांढऱ्या केसांना त्याने पिवळट झाक आली आणि उशीचे अभ्रे डागाळले. हेल्मेटखाली घाम आला की चुरचुरायचं ते वेगळंच.

नाशिककरांना हे ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने सी मोडणं, नवं नाही. तांब्याच्या भांड्यात लिंबाचं सरबत ठेवू नये, हे भांडी बाजारातल्या गल्ल्यांतून वाढलेल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. आंबटाने तांबं सुटतं म्हणून ते सांगतात, पण तांब्याचा नुसता अंश पाण्यात आला तरी व्हिटॅमिन सी झपाट्याने मोडतं. म्हणून अ‍ॅसिडच घेणार असाल तर ड्रॉपर चेहऱ्याला किंवा ओल्या हाताला टेकवू नका.

फॉस्फेटची गोष्ट तशी साधी आहे. त्याला आंबट द्रावण लागत नाही, सातच्या आसपासच्या सामूला ते टिकून राहतं, त्यामुळे चुरचुर नाही. त्वचेतली फॉस्फटेज ही एन्झाइम्स फॉस्फेट तोडून सी मोकळं करतात. ते किती खोल पोहोचतं यावर वाद आहे आणि तो रास्तही आहे. पण १९९६ मध्ये जपानी डॉक्टरांनी वांग आणि वयाचे डाग असलेल्या ३४ जणांना मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटचं १० टक्के क्रीम दिलं, तेव्हा १९ जणांचे डाग लक्षणीय फिके झाले. माझे मेहुणे दिंडोरीला द्राक्षं करतात. एप्रिलच्या खरड छाटणीत दिवसभर उन्हात असतात आणि दोन्ही गालांवर वांग होता. त्यांना मी हेच सुचवलं, सनस्क्रीन न चुकवण्याच्या अटीवर. सहा महिन्यांनी कडा पुसट झाल्या. श्रेय क्रीमचं किती आणि सनस्क्रीनचं किती, हे मी सांगू शकत नाही.

केसांच्या बाबतीत मला फॉस्फेट थोडं जास्तच पटतं. कोरियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड-२-फॉस्फेटने केसाच्या मुळाशी असलेल्या पॅपिला पेशी वाढतात आणि उंदरांचे केस लवकर वाढीच्या अवस्थेत जातात. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे, म्हणून केस गळण्याचा इलाज एवढाच असं मी कुणाला म्हणणार नाही. अनुवंशिक टकलासाठी १९८८ पासून अमेरिकेत मान्यता असलेलं, टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध आहे आणि तेही मी डॉक्टरांना विचारूनच लावतो. त्याआधी थायरॉइड आणि लोह तपासून घेतलं. अँटिऑक्सिडंट त्याच्या जोडीला. केस परत उगवले असं नाही, पण विंचरताना कंगव्यात येणारे कमी झाले आणि टाळूची खाज गेली.

इथे द्राक्षबियांच्या तेलाचं नाव हमखास निघतं. केसांच्या पेशींवर जे परिणाम दिसले ते बियांतल्या प्रोसायनिडिन नावाच्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांचे होते, आणि तेल काढल्यावर ती बहुतेक पेंडीतच राहतात. तेल मालिशीला चांगलं आहे, एवढंच.

तेव्हा घर थंड असेल, त्वचा दणकट असेल आणि महिन्याभरात बाटली संपवत असाल, तर अ‍ॅसिड घ्यायला हरकत नाही, असर लवकर दिसेल. उन्हातान्हात हिंडणारा असाल, टाळूलाही लावायचं असेल किंवा त्वचा पटकन लाल होत असेल, तर मी फॉस्फेटकडे वळा म्हणेन. मला स्वतःला अ‍ॅसिडची आठवण येते ती मार्गशीर्ष-पौषात, निफाडचा पारा पाच-सहाच्या खाली जातो तेव्हा. मग एक छोटी बाटली आणतो आणि संक्रांतीपर्यंत संपवतो. बाकी दहा महिने बेसिनवरच्या फळीवर फॉस्फेटच असतं, आणि त्याचा रंग मी आता बघत नाही.