इम्पेअर्ड, डिसेबल्ड की हँडिकॅप्ड?

दादरच्या एका दवाखान्यातून आईचा ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, आणला. डाव्या कानाचा ऱ्हास 45 डेसिबल, उजव्याचा 50, आणि खाली इंग्रजीत शेरा : 'हिअरिंग इम्पेअर्ड'. आईने विचारलं, "म्हणजे कान गेलेच का रे माझे?" म्हटलं, "गेले नाहीत गं, अधू झालेत."

इम्पेअर्डचा अर्थ नेमका एवढाच. शक्ती आहे, पण उणावलेली. लॅटिन 'पेयोर' म्हणजे 'अधिक वाईट'. त्यावरून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत उतरला. 'पेजोरेटिव्ह' (हिणवणारा) त्याचाच भाऊबंद. म्हणून दारू प्यायलेल्या ड्रायव्हरचं भान इम्पेअर्ड होतं आणि मालमत्तेचं मूल्य घसरलं की सीए ताळेबंदात 'इम्पेअरमेंट' दाखवतो. कान, नजर, स्मरण, मूल्य यांच्यासाठी हा शब्द बिनधास्त वापरा.

माणसाला मात्र लावू नका, असं माझं ठाम मत आहे. जो जन्मापासून खुणांच्या भाषेत बोलतो, भांडतो, हसतो, त्याचं बिघडलंय काय? कर्णबधिरांच्या जागतिक महासंघाने 1991 मध्येच 'हिअरिंग इम्पेअर्ड' बाजूला ठेवून 'डेफ' (बहिरा) आणि 'हार्ड ऑफ हिअरिंग' (कमी ऐकू येणारा) हे शब्द पत्करले. आपणही तेच लिहावं.

डिसेबल्डचं वजन वेगळं, कारण त्यामागे कायदा उभा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बोलण्याच्या आवाजाच्या पट्टीत दोन्ही कानांचा ऱ्हास 60 ते 70 डेसिबल असेल तर 'हार्ड ऑफ हिअरिंग', 70 झाला की 'डेफ'. म्हणजे आईची श्रवणशक्ती इम्पेअर्ड खरी, पण तेवढ्यावर ती या व्याख्येत बसत नाही. लोकलच्या दिव्यांग डब्याचा पास, नोकरीतलं आरक्षण, प्रमाणपत्र असा विषय असेल तर कायद्याचाच शब्द लिहा, नाहीतर अर्ज अडकतो.

हँडिकॅप्ड सोडून द्या. टोपीत हात घालून खेळायच्या जुन्या इंग्रजी खेळातून तो शर्यतीत गेला, आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्याच्या पाठीवरचं जादा वजन म्हणून शोभतोही. श्रवण आणि वाचेच्या दिव्यांगत्वावर काम करणाऱ्या, वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेच्या नावातूनही तो गेला.

सोसायटीच्या फॉर्मवर कायद्याचा प्रश्न नव्हता, म्हणून तिथे आईसाठी मी 'हार्ड ऑफ हिअरिंग' लिहिलं आणि पुढे मराठीत जोडलं : कमी ऐकू येतं, बेल दोनदा वाजवा.