ओंडका वखारीत न्यायचा की चेनसॉ मिल लावून जागेवरच चिरायचा?

सोसायटीत पडलेला रेन ट्री नाहीतर वाडीतला आंबा, फणस हाताशी आलाय आणि त्याचं टेबल करायचं डोक्यात बसलंय, अशा माणसाला मुंबईत खरं तर दोनच रस्ते असतात. एक म्हणजे ओंडका उचलून वखारीत न्यायचा आणि पट्ट्याच्या मशीनवर (बँडसॉवर) चिरून घ्यायचा, दुसरा म्हणजे चेनसॉच्या बारला (ज्याच्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी) अलास्कन टाइपची मिल, म्हणजे फळीची जाडी सारखी राखणारी चौकट, लावून झाड पडलंय तिथेच चिरायचं. मी दोन्ही करून बसलोय. पोर्टेबल बँडसॉ मिल हा तिसरा प्रकार आहे, पण त्याला सपाट मोकळी जागा लागते आणि लाखांत पैसे लागतात, मुंबईत दोन्ही एकाच माणसाकडे असतील तर त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

चेनसॉ चालवता येतो, हेल्मेट आणि कानाचे मफ घालता हे धरून चालतो. झाडाची परवानगी, लाकूड नक्की कोणाचं, हेही आधी मिटवलेलं असूदे, १९७५ चा वृक्ष कायदा शहराला लागू आहे आणि पालिकेचं उद्यान खातं त्यात गंमत करत नाही.

आधी वखारीची बाजू, कारण ती कागदावर सरळसरळ जिंकते. पट्ट्याच्या कापाची रुंदी, म्हणजे जेवढ्या लाकडाचा भुसा होतो ती, दोन-तीन मिमीची, चेनची आठ-नऊ मिमी. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण हिशोब करा. एक इंची फळ्या काढायच्या तर चेनसॉवर लाकडाचा चौथा हिस्सा भुसा होऊन जमिनीवर पडतो, पट्ट्यावर दहा टक्क्यांच्या आसपास काम होतं. दोन इंची स्लॅब (जाड फळी) काढलात तर चेनसॉचं नुकसान पंधरा टक्क्यांवर येतं, म्हणजे जेवढं जाड काढाल तेवढा फरक कमी टोचतो. वखारीतली फळी गुळगुळीतही जास्त येते, रंध्याला काम कमी. शिवाय तिथले मिस्त्री ओंडका बघूनच सांगतात कुठून फाडायचा, ती नजर आपल्याला यूट्यूबवरून येत नाही. साग असेल, सरळ असेल, पातळ फळ्या हव्या असतील तर मी स्वतःच वखारीत जाईन, यात वादच नाही.

आता ओंडका तिथे पोचवायचा कसा ते बघू. अडीच फूट व्यासाचा, आठ फूट लांबीचा ओला बुंधा म्हणजे टनाच्या आसपास वजन. सोसायटीच्या गेटमधून हायड्रा क्रेन आत येत नाही, आली तर पार्क केलेल्या गाड्यांमधून वळत नाही, आणि वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाला त्यात मत असतं. माझ्या चुलत भावाची वाडी मनोरीला आहे, मार्वेहून बोटीने पाच-दहा मिनिटांत पोचतो आपण, पण ओंडक्याला रे रोडच्या वखारींत आणायचं तर उत्तन-भाईंदर करत सगळी मुंबई फिरवून आणावं लागणार. त्यात रस्त्यावर लाकूड दिसलं की कागद विचारतात, म्हणून वनखात्याकडे वाहतूक परवान्याचं आधी विचारून ठेवायचं. चिरलेले स्लॅब मात्र चार माणसं उचलतात आणि छोट्या टेम्पोत घालतात. (कागदाचं त्यालाही विचारून घ्या.)

पण खरं सांगू का, वजन-टेम्पो हे सगळं पैसे टाकून सुटतं. माझं गाडं अडलं ते खिळ्यावर.

मुंबईतलं झाड म्हणजे नोटीस बोर्ड असतो. क्लासची जाहिरात, भाड्याने रूमची पाटी, गणपतीतलं लायटिंग, कपडे वाळत घालायची तार, केबलवाल्याचा हुक, सगळं खिळ्यावर. झाडं खिळेमुक्त करायच्या मोहिमा चालतात, लोक पक्कड घेऊन फिरतात, चांगलंच आहे, पण ते दिसणारे खिळे. जुने खिळे झाड गिळून टाकतं, वर साल येते आणि वीस वर्षांनी तो खिळा बुंध्यात चार इंच आत असतो. हातातला मेटल डिटेक्टर वरवरचं पकडतो, इतकं आतलं नाही. दोन्ही टोकांचे काप नीट बघा, लाकडात काळा-निळा डाग ओघळल्यासारखा दिसला तर समजा आत लोखंड आहे, टॅनिन आणि लोखंड मिळून तो रंग येतो. पण खिळा मधोमध असेल तर टोकाला काहीच दिसत नाही.

वखारवाल्याला हे सगळं पाठ असतं. शहरातलं झाड म्हटलं की त्याचा चेहराच बदलतो. मी ज्या वखारीत गेलो तिथे आधी कुठलं झाड ते विचारलं, मग रस्त्यावरचं की आतलं ते विचारलं, आणि मग शांतपणे सांगितलं की पट्टा गेला तर पट्ट्याचे पैसे तुमचे आणि मशीन बंद राहील त्याचेही तुमचे. त्याचंही चुकीचं नाही हो, पट्टा तुटून उडाला तर माणसाला लागतो, आणि पट्टा बदलेपर्यंत मागची लाइन खोळंबते. पण म्हणजे मी टनभर ओंडका मुंबईभर फिरवून आणायचा आणि पहिल्या खिळ्याला तो अर्धा चिरलेला परत माझ्या अंगावर? रेट घनफुटाने ठरलेला, आणि वरचा खर्च ठरवणार कुठला तरी गंजलेला खिळा. मला ही टांगती तलवार अजिबात झेपली नाही. एकाने तर मला मनोरीच्या ओंडक्यालाही नाही म्हटलं, वाडीतलं झाड आहे म्हटलं तरी. आणि तो बरोबर निघाला, त्या आंब्यात झोपाळ्याचा कडीचा खिळा निघाला, हाताच्या बोटाएवढा.

तो निघाला चेनसॉवर. ठिणगी उडाली, आवाज बदलला, थांबलो. छिन्नीने आजूबाजूचं लाकूड खोदून खिळा उपटला आणि कानस घेऊन बसलो. ३६ इंची बारवर फुल चेन (दात न गाळलेली) असली तर पन्नासच्या वर दात होतात, कंटाळा येतो, मान मोडते, पण चहा होईपर्यंत आपण परत कापायला उभे. फारच वाट लागली तर दुसरी चेन चढवायची. नुकसान किती होणार ते आपल्याला माहीत असतं, कोणाचं तोंड बघावं लागत नाही. माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

आता चेनसॉ मिलचे नखरे, म्हणजे मी फक्त कौतुक करतोय असं नको वाटायला. ७० सीसीच्या खालचं मशीन घेऊन मोठ्या बुंध्याला हात घालू नका, लांबीच्या दिशेने लाकूड चिरताना इंजिन सतत फुल लोडवर असतं आणि छोटं मशीन तापून बसतं. चेन रिपिंगची, म्हणजे लांबीत चिरायची, घ्या, दहा अंशाच्या आसपास धार लावलेली, साध्या चेनच्या तीस अंशाने काम होतं पण फळीवर नांगरल्यासारखे चरे येतात आणि वेग मरतो. पहिला काप सरळ गेला नाही तर पुढचे सगळे वाकडे, म्हणून वर अल्युमिनियमची शिडी किंवा सरळ सेक्शन ठोकून त्यावर मिल चालवायची (आणि तो ठोकलेला स्क्रू कापाच्या रेषेत येत नाही ना हे दोनदा बघायचं, आणखी एक लोखंड कशाला). ओंडका थोडा उतरता ठेवला तर मशीन स्वतःच्या वजनाने पुढे सरकतं, कंबर वाचते. मागे पाचर मारत जायचं नाहीतर स्लॅब बसतो आणि बार आवळला जातो. धूर तोंडावर येतोच, त्याला इलाज नाही, वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं.

आवाज ही मात्र शहरात खरी अडचण. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि चेनसॉ सहज शंभरच्या वर. सोसायटीत करायचं असेल तर आधी सगळ्यांना सांगून, रविवारी, दुपारच्या झोपेच्या वेळा सोडून, एका बैठकीत उरकायचं. हे जमणारच नसेल तर नाइलाजाने वखार, नाहीतर ओळखीची वाडी बघा.

सुकवण्याचं दोन्हीकडे सारखंच. टोकांना मेण किंवा जुना ऑइल पेंट, मधे पट्ट्या घालून सावलीत थप्पी, आंबा आणि रेन ट्रीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक, नाहीतर भुंगा पोखरतो. इंचाला वर्ष म्हणतात, पण आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड परत पाणी पितं, तेव्हा ऑगस्टमध्ये टेबल जोडायला बसू नका.

पैशाचं म्हणाल तर एकच ओंडका असेल तर मशीन, मिल, दोन-तीन चेन यांचा खर्च निघत नाही, मग वखारवाल्याशी खिळ्याचं आधी बोलून, तोंडी नाही, लिहून घेऊन जा. वर्षाला दोन-चार झाडं हाती लागत असतील, जाड स्लॅब हवे असतील, तर मी तरी मिलकडे झुकेन. अखंड रुंदीचा मुद्दा राहिलाच, मी पाहिलेल्या वखारींत जाड बुंधा आधी मधोमध फाडून घेतात, मशीनमध्ये बसत नाही म्हणून. बुंध्याला पुरेल एवढा बार आणि मिल असेल तर तुम्हाला बुंधा फाडावा लागत नाही. मिल मात्र बारपेक्षा मोठी घेऊन फायदा नाही आणि दोन्हीकडचे क्लॅम्प धरून काही इंच कमीच कापतं, तेव्हा बुंध्याचा व्यास मोजून मगच ऑर्डर द्या.