कर्जाचं ॲप: पैसे पाठवणाऱ्याचं नाव आधी बघा

नवऱ्याच्या रिक्षाचा विमा आणि पासिंग एकाच महिन्यात आलं. भिशीचा नंबर लागायला वेळ होता आणि पतसंस्था दोन जामीनदार मागत होती. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली. आधार आणि पॅन द्या, लगेच कर्ज, फेडायला ९१ दिवस. लिंक दाबली तर ॲप प्ले स्टोअरवरून न येता थेट फोनमध्ये उतरलं. कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल या सगळ्याला परवानगी दिल्याशिवाय ते पुढे सरकतच नव्हतं.

कर्ज मंजूर दाखवलं ६,००० रुपयांचं आणि खात्यात जमा झाले ३,६००. बाकीचे म्हणे प्रोसेसिंग आणि सेवा शुल्क. आठवडा पुरा व्हायच्या आतच मेसेज आला, उद्यापर्यंत पूर्ण सहा हजार भरा. ९१ दिवसांचं काय झालं, हे विचारायचं तर कोणाला? ॲपवर पत्ता नव्हता, फोन करणारा दर वेळी नवीन नंबरवरून बोलायचा. जाऊबाईंकडून उसने घेऊन पैसे भरले. त्यानंतर न मागताच पुन्हा तेवढीच रक्कम खात्यात आली आणि पुन्हा सहा हजारांचा तगादा सुरू झाला. मी नकार दिला, तेव्हा माझ्या सेल्फीतला चेहरा एका नागड्या फोटोला जोडून त्यांनी तो माझ्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांना पाठवला. दिरांना गेला, मुलाच्या वर्गशिक्षिकेला गेला, भिशीतल्या बायकांना गेला. त्यातल्याच एका ताईंनी फोन केला. "अगं, फोटो खोटा आहे हे आम्हाला कळतंय. तू रडत बसू नकोस, आधी पोलिसात जा." त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, कारण याच पायी लोकांनी जीव दिलेले आहेत.

सायबर पोलिसांकडच्या महिला हवालदारांनी फोटोआधी एक गोष्ट विचारली. पैसे कोणाच्या खात्यातून आले? स्टेटमेंट काढलं तर पहिल्या वेळी एका माणसाचं नाव, दुसऱ्या वेळी भलत्याच माणसाचं. "ताई, इथेच ओळखायचं," त्या म्हणाल्या.

का ते मला नंतर नीट कळलं. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जाचे नियम काढले आणि मे २०२५ मध्ये ते एकत्र करून पुन्हा जारी केले. या नियमांनुसार कर्जाची रक्कम बँकेच्या किंवा एनबीएफसीच्या (म्हणजे बँक नसलेल्या, पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपनीच्या) खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवी आणि परतफेडही थेट त्यांच्याच खात्यात व्हायला हवी. मध्ये कोणाचं खातं चालत नाही. ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावता येत नाही. कॅमेरा वापरायचा तर फक्त केवायसीपुरता, म्हणजे तुमची ओळख पटवण्यापुरता, तोही तुम्हाला विचारून. कर्ज देण्याआधी एक तक्ता द्यावा लागतो, त्यात वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहिलेला असतो, आणि त्या तक्त्यात नसलेलं शुल्क नंतर लावता येत नाही. किमान एक दिवस असा असतो की विचार बदलला तर मुद्दल आणि तेवढ्या काळाचा खर्च देऊन, दंड न भरता बाहेर पडता येतं. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असंही रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे.

नियम चांगले आहेत, मी मनापासून म्हणते. पण ते लागू होतात रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली असलेल्यांना. मला लुटणारे तिच्या दप्तरी नव्हतेच. गूगलने ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपना फोटो आणि कॉन्टॅक्ट बघायला बंदी केली, तर हे लोक लिंकवरून ॲप देतात. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे, विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण तो कायदा ज्या सावकाराला समोर ठेवून झाला, त्याला दुकान होतं, गाव होतं, निबंधक तिथे जाऊन वही जप्त करू शकत होता. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ मध्येच सुमारे ११०० कर्जाच्या ॲपपैकी ६०० बेकायदा आढळली होती. अशा बेकायदा कर्जावर वेगळा कायदा करा, असं त्यांनी त्याच वर्षी सुचवलं. सरकारने मसुदा लोकांपुढे ठेवला तो डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या तीन वर्षांत ज्या घरांत असे फोटो गेले, त्यांचा विचार केला की माझा संताप आवरत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून कर्जाच्या ॲपची यादी आहे. ती जरूर बघा, पण त्यातली माहिती बँका आणि एनबीएफसी स्वतः भरतात हे ध्यानात ठेवा. ॲप ज्या एनबीएफसीचं नाव सांगतं, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तिथे त्या ॲपचं नाव आहे का ते पाहा. खऱ्या कंपनीचं नाव वापरून खोटं ॲप काढणारे पुष्कळ आहेत.

आणि कोणी यात आधीच अडकलं असेल, तर पुढचे पैसे भरू नका. मी एकदा भरले म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा पैसे टाकले. १९३० ला फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. धमकीचे मेसेज, नंबर, स्टेटमेंट, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट आधी काढा, मगच ॲप काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अशा ॲपची दाद लागत नाही, तो फक्त नोंदणी असलेल्या संस्थांसाठी आहे. बेकायदा ॲपची माहिती रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर देता येते. पोलीस ठाण्यात हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार तिथेच घेतली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात ते लिहूनच दिलेलं आहे. माझ्या तक्रारीत खंडणी, धमकी आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं अश्लील मजकुराचं कलम लागलं. ज्या दोन खात्यांतून पैसे आले, ती गोठवण्यासाठी पोलिसांनी बँकांना पत्रं दिली आहेत. तपास चालू आहे.

मी त्याच संध्याकाळी कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना स्वतःहून मेसेज पाठवला की फोटो बनावट आहे, तक्रार दिली आहे, आलेले नंबर मला पाठवा. लोकांनी पाठवलेले ते नंबर पुरावा म्हणून तक्रारीला जोडले गेले.